सहा-पाच की पाच-सहा

आमच्या मॅडमसमोर 'परवा' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

कुणी फोनवर म्हणालं, "मॅडम, परवा येतो," की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "मागचा का पुढचा?"

समोरचा गडबडायचा. "अवो, येतो म्हनलं म्हनजे पुढचाच ना! मागच्या परवाले कसा यीन?"

"मागच्या परवालेही तुमी असंच म्हनलं होतं. तारीख सांगा."

एकच शब्द मागेही जातो आणि पुढेही जातो, आणि आपलं कुणाचं काही अडत नाही. मॅडमचं अडायचं. त्यांच्या मते माणसांची निम्मी भांडणं 'परवा'मुळं होतात आणि उरलेली निम्मी 'येत्या सोमवारी'मुळं. येता सोमवार म्हणजे हा की त्याच्या पुढचा, यावरून गॅस सिलेंडरवाल्याशी त्यांचं वाजलं, ते इतकं की तो पुढं सिलेंडर खालीच ठेवून पळून जायचा.

वाशीमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या एका दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. शाळा, दूध संकलन केंद्रं, कृषी केंद्रं, मंगल कार्यालयं यांना लागणारी सॉफ्टवेअर आम्ही बनवून द्यायचो. मॅडम मालकही, मुख्य प्रोग्रामरही, आणि सकाळी झाडू मारणाऱ्याही त्याच. मी अनसिंगहून बसनं यायचे. लग्न झालेलं, मुलगी बालवाडीत, आणि कॉलेजात शिकलेलं अर्धं विसरलेलं, अशा अवस्थेत मी त्यांच्याकडे काम मागायला गेले होते.

मुलाखतीत त्यांनी कोरा कागद पुढे केला. "तुही जन्मतारीख लिही."

मी आकड्यांत लिहिली. तीन, रेघ, चार, रेघ, साल.

"हे काय हाय? तीन एप्रिल का चार मार्च?"

"तीन एप्रिल."

"मले कसं कळावं?"

"मला माहीत आहे ना, मॅडम."

"तुले माहीत हाय वं. पन तू मेल्यावर?"

नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत स्वतःच्या मरणाचा विषय निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी कागद परत घेतला आणि महिना अक्षरांत लिहिला. त्यांनी तो वाचला, मान हलवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये." मग मी चुकून दुसराच दिवस धरेन या भीतीनं उद्याची तारीख, वार आणि सालासकट, मोठ्यानं सांगितली.

उंच, काटकुळ्या, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. स्कूटी अशा चालवायच्या की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. तरुणपणी नागपूरला एका बँकेच्या संगणक विभागात होत्या. आईला एकटं राहवेना म्हणून परत आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न का केलं नाही, असं विचारणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. त्यांना मॅडमचं एकच उत्तर असे, "तारीख जमली नाही." विचारणारा हसायचा. त्या हसायच्या नाहीत, त्यामुळं हसणाराच ओशाळायचा.

आमच्या धंद्यात नवा माणूस एक चूक हमखास करतो. तारीख पडद्यावर जशी दिसायला हवी, तशीच सजवून, अक्षरांच्या रूपात साठवून ठेवतो. दिसायला छान दिसते, पण मग तारखा क्रमानं लावायला सांगितल्या की एकच्या मागं दहा येतात, दहाच्या मागं अकरा, आणि दोन तारीख बिचारी वीसच्या शेजारी जाऊन बसते. मॅडमनं मला हे पुस्तकातून शिकवलं नाही. डबा खाता खाता म्हणाल्या, "घरी पाहुने येनार म्हनल्यावर तू काय करतं? कनिक मळून ठेवतं. पोळी लाटाची का पुरी तळाची, ते पंगत बसल्यावर पाहाचं. सकाळपासून पुऱ्या तळून ठेवल्या आन् एकानं पोळी मागतली, तर पुरीची पोळी करतं का?"

"नाही."

"मंग मशीनमधी तारखेची कनिकच ठेवाची. लाटाची मांगून."

तेव्हापासून तारखेला रूप देणारी ओळ लिहिताना माझ्या हाताला पीठ लागल्यासारखं वाटतं.

एकदा एका गावातल्या दूध संकलन केंद्राचे चालक तणतणत आले. म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन येडं झालं. आमच्या एका म्हाताऱ्याची म्हैस काल तीनदा दूध देऊन राह्यली आन् आज एकदाही नाही. लोकं हासतात मले."

मॅडमनं शांतपणे पावत्या पाहिल्या. म्हातारा सगळ्यांत आधी, पहाटे पाचच्या आत दूध घालायचा; आदल्या दिवशी तेवढा उशिरा आला होता. बाकीचे उजाडल्यावर यायचे. त्यांच्या म्हशी व्यवस्थित होत्या.

"तुमची म्हैस बरोबर हाय," मॅडम म्हणाल्या. "घड्याळ विलायतेत हाय."

झालं होतं ते असं. आमच्या प्रोग्रामची माहिती ज्या दूरच्या यंत्रावर साठायची, ते इंग्लंडच्या वेळेनं चालायचं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्याकडे पहाटे पाच वाजतात तेव्हा तिकडं अजून आदल्याच दिवसाची रात्र असते. म्हणून म्हाताऱ्याचं आजचं दूध कालच्या तारखेत पडत होतं. मॅडमनं दुपारपर्यंत हिशेबात ते साडेपाच तास मिळवले आणि म्हैस पुन्हा दोन वेळेवर आली. चालक मात्र गावात जाऊन सांगत सुटले की आपलं दूध विलायतेला जातं. त्यांचं केंद्र त्या वर्षी फार जोरात चाललं.

शाळेचा प्रसंग वेगळा. एका मुख्याध्यापकांचा एक जानेवारीला सकाळीच फोन आला. सॉफ्टवेअरनं शाळेच्या निम्म्या पोरांच्या पालकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, आणि पहिली-चौथीतल्या पोरांचं शंभरी पार केल्याबद्दल अभिनंदन. ज्यांच्या जन्मतारखा भरायच्या राहिल्या होत्या, त्या रिकाम्या जागांवर यंत्रानं आपल्या मनानं जुन्या जमान्यातली एक जानेवारी टाकली होती. तो भाग आमच्याआधीच्या कुणीतरी लिहिलेला होता, पण मॅडम दिवसभर अस्वस्थ होत्या. "नाही माहीत, तर नाही माहीत म्हनाव. रिकामं राहू द्याव. काहीतरी ठोकून देनं हे वाईट." हे त्या यंत्राबद्दल म्हणत होत्या की जिल्ह्यातल्या काही माणसांबद्दल, ते मला नक्की कळलं नाही.

अशी ही बाई तारखेच्या बाबतीत कधी चुकेल, हे कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती. हरले असते.

त्या वर्षी वाशीमबाहेरच्या एका मंगल कार्यालयानं आमचं सॉफ्टवेअर घेतलं. हॉल मोठा, पुढं लॉन, मागं मोकळं मैदान. त्यांच्या मॅनेजरकडं सगळ्या बुकिंगची यादी जुन्या संगणकावर होती. ती आमच्याकडं घ्यायची, एवढंच काम होतं. मालकाला घाई होती. नेमकी त्याच आठवड्यात मॅडमची आई अकोल्याला दवाखान्यात. मॅडमनं लॅपटॉप तिकडेच नेला आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून ते काम केलं. आई बरी होऊन घरी आली. काम पण झालं असं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी शेवटी हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, लवकर या. माही मान पकडली."

आम्ही स्कूटीवर निघालो. त्या दिवशी प्रथमच आम्ही एका सायकलीला मागं टाकलं.

हॉलवर रिठदकडचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, भक्कम मिशा, बरोबर चार-पाच भाऊबंद आणि एक आचारी. सहा मे रोजी त्यांच्या मुलीचं लग्न, म्हणून स्वयंपाकाची जागा दाखवायला आचाऱ्याला घेऊन आले होते. मॅनेजरनं पडद्यावर पाहून सांगितलं होतं, "तुमचं लग्न तं पाच जूनले हाय."

"माह्या पोरीचं लग्न तू मले सांगतं काय बे?" असं म्हणून त्यांनी मॅनेजरच्या कॉलरला हात घातला होता. तो हात आम्ही पोचेपर्यंत तिथंच होता.

आणि सहा मे? सहा मेला वाशीमच्याच एका फर्निचरवाल्या चाचांच्या मुलीचा निकाह ठरला होता. पडद्यावर दिवस रिकामा दिसला, मॅनेजरनं देऊन टाकला. दोन्ही घरच्या पत्रिका वाटून झालेल्या. लग्नसराई अशी की त्या दिवशी आसपासचा एकही हॉल मोकळा नाही.

मॅडम खुर्चीवर बसल्या. जुनी यादी उघडली. तिच्यात रिठदकरांची तारीख होती सहा-पाच. आमच्याकडे ती झाली होती पाच जून. जुना संगणक आपल्या पद्धतीनं दिवस आधी लिहीत होता, आमच्या बाजूला घेताना महिना आधी धरला गेला. तेरापासून पुढच्या तारखांना यंत्र अडलं होतं, कारण तेरावा महिना नसतो. त्या मॅडमनी एकेक करून दुरुस्त केल्या होत्या. बारापर्यंतच्या मात्र आवाज न करता उलट्या होऊन बसल्या होत्या.

हॉलचे मालक तोवर येऊन पोचले होते. रिठदकरांना समजावत म्हणाले, "कंप्युटरची मिस्टेक हाय भाऊ, माणसाची नाही."

मॅडम उठल्या. "कंप्युटरची नाही जी. माही हाय. सहा-पाचचं म्या पाच-सहा केलं. मी चुकली."

मी त्यांना हे शब्द बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला राहवेना. मी म्हणायला गेले, "यांची आई तेव्हा दवाखान्यात..." तर मॅडमनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. तो विषय तिथंच संपला.

रिठदकरांनी मॅनेजरची कॉलर सोडली, पण मॅडमकडं पाहिलं नाही. मालकाला म्हणाले, "बाईले सांगा, माही पोरगी त्याच दिवशी त्याच हॉलमधी जाईन. बाकीचं मले मालूम नाही."

तिथून आम्ही चाचांकडं गेलो. त्यांच्या कारखान्यात सागवानाचा वास भरला होता. लेकीसाठी केलेल्या कपाटाला ते स्वतः पॉलिश करत होते. मॅडमनी सगळं सांगितलं. चाचांनी हातातला बोळा खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, कार्ड बट गये. माही बहीन हैदराबादहून निघून राह्यली. आता मी कोनाले काय सांगू?"

मॅडमनी मान खाली घातली. घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात मॅडमनी मान वर केली. "चाचा, निकाह किती वाजता हाय?"

"मगरिबच्या नमाजनंतर, दिवस बुडाल्यावर. मंग जेवन."

"पाव्हने?"

"पाचपासून येतीन."

मॅडमनी डोळे मिटले. मग माझ्याकडं वळल्या. "रिठदवाल्याचं लग्न सकाळचं हाय ना वं?"

मुहूर्त साडेअकराचा होता, मी पत्रिकेवर पाहिलं होतं.

"आपुन तारीख इचारली," त्या म्हणाल्या. "वेळ कोनालेच नाही इचारली. दिवस म्हनजे एक खोली धरून बसलो आपुन. अवं, तो ढोरं बांधाचं मोठं वाडगं हाय. मधात कुडाची भिंत घालता येते."

चाचा राजी झाले. एकच म्हणाले, की सकाळच्या मंडळींची पंगत उठेपर्यंत आपल्या स्वयंपाकाच्या देगी मागच्या मैदानातच राहतील, कुणाला त्रास नको. रिठदकरांना राजी करायला आम्हाला त्यांच्या गावी जावं लागलं. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा काही दिला नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हॉल चारले खाली करून द्याचा? आन् नवरदेवाची वरात उशिरा आली तं? ते लोकं माह्यं आईकत नाहीत, तुमचं काय आईकतीन?"

"मी गेटवर उभी राहीन."

"तुमी?"

"हो. मी."

तो माणूस तेव्हा पहिल्यांदा मॅडमकडं पाहून बोलला होता, आणि तेही त्यांच्या बुटांकडं.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या आठवड्यात आम्ही जुन्या यादीतल्या एकेका घरी फोन लावून तारीख तोंडी विचारून घेतली. आणखी काही तारखा उलटलेल्या निघाल्या, पण दुसरी कुठली टक्कर नव्हती. हॉलमालक आमचं काम काढून घेतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी सकाळ आणि संध्याकाळ असं वेगळं बुकिंग सुरू केलं, आणि आता वाशीमात बरेच जण तसंच करतात. आपल्याला ही युक्ती आधीपासून सुचली होती, असं ते सांगतात. मॅडम मात्र नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी आपली ही चूक स्वतः सांगतात, कणकेच्याही आधी. मी पुढं घरच्यांबरोबर पुण्याला आले. फोन होतात.

सहा मेला सकाळी मॅडम गेटवर हजर. नवी साडी, तेच बूट. वरात वेळेवर निघाली, पण गेटपासून हाकेच्या अंतरावर येऊन अडली. डीजेचा कर्णा दणाणत होता आणि नवरदेवाचे मित्र एका जागी घुमत होते. मॅडम गेल्या, हात जोडले, घड्याळ दाखवलं. पोट्ट्यांनी त्यांनाच मध्ये घेऊन फेर धरला. मॅडम डीजेवाल्याशी बोलल्या. त्यानं कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली. शेवटी नवरदेवाचे मामा, डोक्याला फेटा आणि अंगात उत्साह, पुढं आले आणि ओरडले, "बाई, तुमी नाचल्याशिवाय वरात हालत नाही!"

मी गेटवरून पाहत होते. मला वाटलं, आता मामांची धडगत नाही.

मॅडमनी पर्स माझ्याकडं फेकली. पदर कमरेला खोचला. आणि नाचल्या. नाच म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन्ही हात वर आणि ते बूट एकाआड एक आपटत त्या चालू लागल्या, हॉलच्या दिशेनं. त्या पुढं, पोट्टे शिट्ट्या मारत मागं, त्यांच्या मागं मामा, मामांमागं घोडी. वरात गेटातून आत आल्यावर त्यांनी हात खाली घेतले आणि पदर सोडला. "बस झालं," त्या म्हणाल्या. "हात-पाय धुवा. मुहूर्त हाय."

मंडपातून रिठदकर हे बघत होते. त्यांच्या मिशा हलल्या.

लग्न लागलं, पंगती उठल्या. साडेतीनला चाचांचे पुतणे टेम्पो घेऊन आले, तेव्हा रिठदकडचे लोक अजून खुर्च्या गोळा करत होते. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण पुतण्यांनीही खुर्च्या उचलल्या. स्टेजवरची झेंडूची सजावट काढायला माणूस शिडीवर चढला, तर रिठदकरांनीच त्याला खाली बोलावलं. "राहू दे बे. त्यांच्याही पोरीचं लग्न हाय."

मग मॅडमसाठी एक ताट आलं. कुणी पाठवलं ते आणणाऱ्यानं सांगितलं नाही. बुंदी जरा जास्तच होती. मॅडम लॉनच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, बूट काढून, जेवल्या. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पाठवणीची वेळ आली. मुलगी बाहेर आली, रडून नाक लाल झालेलं. आई, मावश्या, काकू, शेजारणी, एकेकीच्या पाया पडत, एकेकीच्या गळ्यात पडत ती गाडीकडं निघाली होती. मॅडम वाटेतच होत्या, घाईघाईनं बूट चढवत. मुलीनं त्यांनाही वाकून नमस्कार केला. मग वर पाहिलं. चेहरा काही ओळखीचा वाटला नाही.

"तुमी... कोनाकडच्या?" तिनं हुंदका आवरत विचारलं.

लग्नात या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात. प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर देणारी ती बाई तोंड उघडायची, मिटायची.

"मी," शेवटी त्या म्हणाल्या, "हॉलकडची."

मुलगी रडता रडता हसली आणि हसता हसता त्यांच्या गळ्यात पडून पुन्हा रडायला लागली, जशी मावशीच्या गळ्यात पडून रडली होती तशीच. मॅडमचे दोन्ही हात आधी हवेतच राहिले. मग त्यांनी ते तिच्या पाठीवर ठेवले. एक बूट पायात होता, दुसरा हिरवळीवर उलटा पडलेला. मुलीचे वडील बाजूला उभे होते. त्यांनी वाकून तो बूट सरळ केला आणि मॅडमच्या पायाशी ठेवला.

गाडी गेली. धूळ बसली. मॅडमनी पदरानं चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला. रस्त्याच्या वळणावर दुसरा बँड वाजायला लागला होता.

"चाल वं," त्या मला म्हणाल्या. "चाचाकडचे पाव्हने आले. गेटवर कोनीच नाही."